तराजूची तपासणी

वाण्याच्या दुकानांत गेलेला मनुष्य तांदूळ हातांत घेऊन पाहतो, डाळींत खडा आहे कीं काय याची चौकशी करतो. परंतु तराजू खरा आहे कीं नाहीं हें पाहण्याचें त्याच्या सहसा मनांतहि येत नाहीं. वजनांवर सरकारी शिक्का आहे, वैधमापन खात्याचा निरीक्षक ठराविक मुदतीनें तीं तपासून जातो, एवढ्या भरंवशावर आपला सर्व व्यवहार चालतो. हा भरंवसा अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र माल खोटा निघाला तर नुकसान एका गिऱ्हाइकाचें होतें, आणि वजन खोटें निघालें तर त्या दुकानीं येणाऱ्या प्रत्येकाचें होतें. शिवाय तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, हें विशेष.

संगणकाच्या जगांतहि असे तराजू आहेत. आमच्या वाचकांपैकीं असें कुटुंब आज विरळाच सांपडेल, कीं ज्यांतील एखादा मुलगा, सून, पुतण्या किंवा नात पुण्यास, मुंबईस, बंगळुरास अथवा परदेशीं सॉफ्टवेअरच्या कामावर नाहीं. घरांतील वडील माणसांस इतकें ठाऊक असतें कीं हीं मुलें दिवसभर ‘कोड लिहितात’. परंतु त्यांच्या वेळाचा बराच भाग दुसऱ्यानें लिहिलेला कोड वाचण्यांत जातो, आणि हें वाचन ही एक स्वतंत्र विद्या आहे, ही गोष्ट घरांत फारशी कोणी बोलून दाखवीत नाहीं. प्रोग्राम तपासणाऱ्या एखाद्या साधनांत कोणीं लहानशी दुरुस्ती सुचविली असतां ती कशी वाचावी, तिच्यांत काय पाहावें आणि काय सोडून द्यावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

तराजू कोणता?

पायथन ही संगणकाची भाषा गीदो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनीं १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. आज शाळेंतील मुलांपासून प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांपर्यंत सर्व प्रकारचे लोक ती वापरतात. या भाषेंत लिहिलेले प्रोग्राम तपासण्याचीं जीं साधनें आहेत, त्यांत ‘पायटेस्ट’ हें अत्यंत प्रचलित आहे. होल्गर क्रेकेल या जर्मन प्रोग्रामरानें २००३-०४ च्या सुमारास, ‘पायपाय’ नांवाच्या दुसऱ्या एका प्रकल्पाच्या गरजेंतून, त्याचा पाया घातला. पुढें शेंकडों लोकांचे हात त्यास लागले. त्याचा मूळ कोड कोणासहि वाचतां येतो, घेतां येतो, बदलतां येतो, आणि त्याबद्दल एक पैसाहि द्यावा लागत नाहीं. अशा सॉफ्टवेअरला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. त्याची राखण करणारे बहुतेक लोक आपापला चरितार्थ सांभाळून हें काम करतात. पायटेस्टला जोडण्यासाठीं इतरांनीं रचलेलीं पूरक साधनें तेराशेंहून अधिक आहेत, यावरून त्याच्या प्रसाराची कल्पना येईल.

त्याचें काम समजण्यास एक घरगुती उदाहरण घेऊं. बँकेंत ठेवलेल्या दहा हजार रुपयांवर दरसाल दरशेंकडा सात प्रमाणें एका वर्षाचें सरळव्याज सातशें रुपये होतें. व्याज काढणारा प्रोग्राम ज्यानें लिहिला, तो त्याच्या जोडीस दुसरा एक चिमुकला प्रोग्राम लिहितो: ‘दहा हजार, सात टक्के, एक वर्ष हे आंकडे दे, उत्तर सातशें आलेंच पाहिजे.’ या दुसऱ्या प्रोग्रामास ‘टेस्ट’ म्हणतात. आणि ‘आलेंच पाहिजे’ हा जो आग्रह, त्यासाठीं पायथनमध्यें ‘असर्ट’ हा शब्द आहे. मोठ्या प्रकल्पांत अशा टेस्ट हजारोंनीं असतात. पायटेस्ट त्या सर्व शोधून काढतें, एकामागून एक चालवितें, उतरलेल्या टेस्टसाठीं एक टिंब व पडलेल्या टेस्टसाठीं ‘एफ’ हें अक्षर उमटवितें, आणि जेथें चूक झाली तेथें प्रत्यक्षांत काय आलें व काय यावयास हवें होतें, तें समोरासमोर मांडून दाखवितें.

सरतेशेवटीं तें एक अंक कळवितें. सर्व टेस्ट उतरल्या तर शून्य. कांहीं पडल्या तर एक. याखेरीज आणखीहि अंक आहेत, आणि त्यांतील पांच हा अंक आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. चालविण्यास एकहि टेस्ट सांपडली नाहीं, तर पायटेस्ट पांच कळवितें. वरवर पाहणारा म्हणेल, पडलेली टेस्ट तर एकहि नाहीं. मग शून्य कळविण्यास काय हरकत होती? परंतु ज्या वर्षीं परीक्षेस एकहि विद्यार्थी बसला नाहीं, त्या वर्षीं ‘नापास कोणीहि नाहीं’ असा निकाल लावणाऱ्या हेडमास्तरांस आपण काय म्हणूं? तपासणी झाली व ती उतरली, ही एक गोष्ट. तपासणी झालीच नाहीं, ही अगदीं निराळी गोष्ट. तपासणीच्या साधनानें नसती चूक दाखविली तर माणसाचा वेळ जातो, चिडचीड होते, पण ती ध्यानांत येते व दुरुस्त होते. त्यानें असलेली चूक पाहून मौन धरलें, तर मात्र कोणासहि कांहीं कळत नाहीं. या मौनाचें भय ज्याच्या मनांत सदैव जागें आहे, तोच अशा साधनाचा खरा परीक्षक होय.

दुरुस्ती येते कशी?

कोणा एकास पायटेस्टमध्यें खोट दिसली, म्हणजे तो ती दुरुस्त करून राखणदारांकडे पाठवितो. तो कोठल्या देशाचा, कोणत्या हुद्द्याचा, याची विचारपूस होत नाहीं. आलेली दुरुस्ती परीक्षकापुढें फरकाच्या रूपानें मांडली जाते: काढलेल्या ओळींपुढें वजाबाकीचें चिन्ह व तांबडा रंग, घातलेल्या ओळींपुढें बेरजेचें चिन्ह व हिरवा रंग. जुनें काय होतें व नवें काय झालें, हें जमाखर्चाच्या वहीप्रमाणें स्पष्ट दिसतें. प्रथम यंत्रें आपलें काम करतात. लिनक्स, विंडोज व मॅकओएस या तिन्ही व्यवस्थांवर, पायथनच्या निरनिराळ्या आवृत्त्या घेऊन, पायटेस्टच्या स्वतःच्या टेस्ट चालविल्या जातात. तराजूनें स्वतःसच तोलून पाहावें, असा हा प्रकार आहे. तो उपयुक्त आहे. पण तराजूच बिघडला असेल तर त्याची स्वतःविषयींची साक्षहि तितकीच खरी मानावी लागेल, म्हणून तो पुरेसा नाहीं. यंत्रांनीं होकार दिल्यावर माणूस वाचावयास बसतो.

दुरुस्तीबरोबर तिची टेस्ट असावी. ‘चेंजलॉग’ नांवाच्या कप्प्यांत एक लहानशी फाईल घालून, काय बदललें तें वापरणाऱ्यास समजेल अशा भाषेंत थोडक्यांत लिहावें. आणि लेखकांच्या यादींत पाठविणाऱ्यानें वर्णानुक्रमें आपलें नांव घालावें, असा तेथील रिवाज आहे. एक ओळ सुधारणाऱ्याचें नांव हजारों ओळी लिहिणाऱ्याच्या शेजारीं केवळ वर्णमालेच्या न्यायानें बसतें, ही गोष्ट आम्हांस मोठी गोड वाटते.

एक कंस, एक शब्द, एक चिन्ह

दुरुस्ती लहान आहे म्हणजे तिचा परिणाम लहान आहे, असें समजण्याचा मोह प्रत्येक वाचणाऱ्यास होतो. तो कसा फसवा आहे, हें तीन उदाहरणांवरून पाहूं.

पहिलें उदाहरण कंसाचें. असर्ट या शब्दापुढें प्रथम अट लिहितात, आणि नंतर स्वल्पविराम देऊन, टेस्ट पडल्यास जो निरोप दाखवावयाचा तो लिहितात. अशी एक ओळ फार लांब झाली, म्हणून ती दोन ओळींत मोडण्यासाठीं कोणीं अट व निरोप या दोहोंभोंवतीं मिळून एक कंस घातला. दिसावयास ओळ अधिक नीटनेटकी झाली. परंतु पायथनच्या व्याकरणांत, स्वल्पविरामानें जोडून कंसांत ठेवलेल्या दोन वस्तूंची एक जोडी बनते, आणि रिकामी नसलेली कोणतीहि जोडी ‘खरी’ समजली जाते. आतां अट खरी असो वा खोटी असो, असर्टला समोर एक भरलेली जोडी दिसते, आणि तो संतुष्ट होतो. व्याज सातशेंच्या जागीं सत्तर आलें तरी टिंबच उमटणार! पायथन अशी ओळ दिसतांच इशारा देते, ही गोष्ट खरी. पण शेंकडों ओळींच्या कामकाजांत तो एक इशारा वाचणारा कोणी पाहिजे.

दुसरें उदाहरण एका शब्दाचें. टेस्ट लिहिणारा नवखा असला म्हणजे ‘उत्तर सातशें आलेंच पाहिजे’ असें लिहिण्याऐवजीं ‘उत्तर सातशें आहे काय, तें परत कळव’ असें लिहून जातो. म्हणजे असर्टच्या जागीं ‘रिटर्न’ हा शब्द वापरतो. माणसास दोहोंचा अर्थ सारखाच वाटेल. परंतु टेस्टनें परत काय कळविलें, इकडे पायटेस्टचें लक्ष नसतें; तें फक्त आग्रह मोडला काय, एवढेंच पाहतें. येथें आग्रहच नाहीं, तेव्हां तो मोडणार कसा? उत्तर ‘नाहीं’ असें परत आलें तरी टेस्ट उतरलीच. २०२२ सालीं निघालेल्या ७.२ या आवृत्तीपासून पायटेस्ट अशा टेस्टबद्दल इशारा देऊं लागलें. एकदम चूक न ठरवितां प्रथम इशारा दिला, यांतहि व्यवहारज्ञान आहे. ज्या सवयीवर अनेकांचें काम चालू आहे ती सवय सोडावयास लावण्यापूर्वीं त्यांस पुरेसा अवधि द्यावा, असा या राखणदारांचा नेम आहे.

तिसरें उदाहरण आमच्या मराठी वाचकांस विशेष जवळचें वाटेल. मजकुरांतून आंकडे शोधून काढण्यासाठीं प्रोग्रामर एक सांकेतिक खूण लिहितात. इंग्रजी शून्यापासून नऊपर्यंतचे अंक चौकटी कंसांत लिहिले, म्हणजे ‘या दहांपैकीं कोणताहि अंक’ असा अर्थ होतो. त्याच अर्थानें उलटी तिरकी रेघ व तिच्यापुढें ‘डी’ हें अक्षर लिहिण्याचाहि प्रघात आहे. तेव्हां कोणी पहिल्या खुणेच्या जागीं दुसरी खूण घातली आणि ‘अर्थ तोच, ओळ आंखूड केली’ असें लिहून पाठविलें, तर घाईनें वाचणारा परीक्षक मान डोलावील. पण अर्थ तोच राहिला काय? पायथनच्या तिसऱ्या पिढीच्या आवृत्त्यांत ही दुसरी खूण जगांतील सर्व लिप्यांचे अंक ओळखते. आमचे देवनागरी १, २, ३ हेहि तिला अंकच वाटतात. आणि त्यांची संख्या करण्यास सांगितलें तर पायथन ‘१२३’ या अक्षरांची एकशें तेवीस ही संख्या बिनचूक करून देते. एका दृष्टीनें ही अभिमानाचीच गोष्ट आहे. परंतु ज्या खातेक्रमांकांत केवळ इंग्रजी अंक यावे अशी अपेक्षा होती, आणि पुढें ज्या जुन्या यंत्राकडे ते जावयाचे त्यास इंग्रजीखेरीज दुसरे अंक ठाऊकच नाहींत, तेथें कालपर्यंत दारांतच अडणारा मजकूर आज निमूटपणें आंत शिरेल. देवनागरी अंक स्वीकारावे कीं नाहीं, हा विचार करून घ्यावयाचा निर्णय आहे. ओळ आंखूड करतां करतां नकळत होऊन जाण्यासारखा तो नव्हे. परीक्षकानें विचारावयाचा प्रश्न तो हाच.

लिपीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक गंमत सांगतों. एकच टेस्ट निरनिराळे शब्द घेऊन चालविली, तर पायटेस्ट प्रत्येक खेपेस त्या शब्दावरून एक नांव देतें. तो शब्द देवनागरी असला तर मात्र पडद्यावर अक्षरांऐवजीं त्यांचे जागतिक क्रमांक उमटतात. ‘क’ च्या जागीं ०९१५ हा क्रमांक दिसतो. अक्षरें जशींच्या तशीं छापलीं तर कांहीं संगणकांवर व कांहीं पूरक साधनांबरोबर अडचणी उद्भवतात, म्हणून ही खबरदारी आहे. ज्यांस अक्षरेंच पाहिजेत त्यांच्यासाठीं राखणदारांनीं एक कळ ठेवली आहे. पण तिचें नांव इतकें लांबलचक आहे कीं त्याचा अर्थ, ‘नांवांचें क्रमांकांत रूपांतर बंद कर आणि समाजाकडून मदत मागण्याचे सर्व हक्क सोडून दे’ असा होतो! मागणी धुडकावून लावावयाची नाहीं, आणि धोकाहि लपवावयाचा नाहीं, अशा पेंचांतून काढलेली ही तोड मोठी मार्मिक आहे.

या सर्वांवरून अनुभवी परीक्षकाची वाचण्याची रीत ध्यानांत येईल. तो प्रथम हें विचारतो कीं, मूळ खोट कोणती होती, आणि ती खरोखर खोट होती काय. नंतर तो दुरुस्ती बाजूस ठेवून, तिच्यासोबत आलेली टेस्ट जुन्या कोडवर चालवून पाहतो. तेथें ती पडलीच पाहिजे. जी टेस्ट दुरुस्तीशिवायहि उतरते, ती त्या दुरुस्तीविषयीं कांहींहि सिद्ध करीत नाहीं. रोग्यास व निरोग्यास सारखाच ताप दाखविणाऱ्या तापमापकासारखी ती समजावी. तिसरा प्रश्न, या बदलामुळें आजपर्यंत पडणारी एखादी टेस्ट उद्यां उगीचच उतरेल काय? आणि चौथा, आजच्या वागणुकीवर विसंबलेले लोक कोण आहेत, व त्यांस आपण आगाऊ सूचना दिली आहे काय? चार ओळींच्या दुरुस्तीस हे चार प्रश्न विचारण्यास अर्धा तास लागला, तर तो वाया गेला असें कोणीं समजूं नये.

बोलण्याची रीत

लहान दुरुस्तीविषयीं दुसरा एक धोका आहे, तो याच्या उलट जातीचा. इंग्रज लेखक पार्किन्सन यांनीं १९५७ सालच्या आपल्या पुस्तकांत एका समितीचें वर्णन केलें आहे. तिच्यापुढें एक कोटि पौंडांच्या अणुभट्टीचा प्रस्ताव आला, तो अडीच मिनिटांत संमत झाला, कारण त्यांतलें कोणास कांहीं कळत नव्हतें. पुढें साडेतीनशें पौंडांच्या सायकलींच्या छपराचा प्रश्न निघाला, त्यावर पाऊण तास वाद झाला, कारण छप्पर प्रत्येकास कळतें! पाउल-हेनिंग कँप या डॅनिश प्रोग्रामरानें १९९९ सालीं आपल्या सहकाऱ्यांस या छपराची आठवण करून दिली, तेव्हांपासून सॉफ्टवेअरच्या जगांत तें म्हणीसारखें झालें आहे. आमच्या एकत्र कुटुंबांतहि हा अनुभव कांहीं नवा नाहीं. घर गहाण टाकण्याचा निर्णय दोघांत मिटतो, आणि लग्नपत्रिकेवरील अक्षरांच्या रंगावर मात्र साऱ्या घराचें मत पडतें. परीक्षकानें हा मोह आवरला पाहिजे. एखादें नांव असें असावें कीं तसें, जागा चार सोडाव्या कीं दोन, हे प्रश्न शक्य तों यंत्रावर सोंपवावे, आणि आपली बुद्धि वर सांगितलेल्या चार प्रश्नांसाठीं राखून ठेवावी.

तिसरी गोष्ट सौजन्याची. जेराल्ड वाइनबर्ग या अमेरिकन लेखकानें १९७१ सालीं प्रोग्रामरांच्या मानसशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला; त्यांत, आपला कोड म्हणजे आपण स्वतः नव्हे, हें ज्यास समजलें तोच चुका लवकर सुधारतो, असा विचार मांडला आहे. १९७६ सालीं आयबीएम कंपनीच्या मायकेल फॅगन यांनीं कोड एकत्र बसून तपासण्याची शिस्तबद्ध पद्धति प्रसिद्ध केली. तपासणींत सांपडलेल्या चुका लिहिणाऱ्याची नोकरींतील योग्यता ठरविण्यासाठीं कदापि वापरूं नयेत, असा त्यांचा आग्रह होता. याचें कारण उघड आहे. चूक दाखविली म्हणजे शिक्षा होते असें ज्या घरांत ठरलें, त्या घरांत मुलें चुका करावयाचीं थांबत नाहींत, लपवावयास शिकतात.

फुकट काम करावयास आलेल्या पाहुण्यास तर शिक्षेचीहि गरज नाहीं. एका कडवट वाक्यानें तो कायमचा निघून जाईल. म्हणून चांगला परीक्षक ‘हें चूक आहे, एवढेंहि तुम्हांला कळत नाहीं काय?’ असें न लिहितां, ‘मजकूर रिकामा आला असतां ही ओळ काय करील?’ असें विचारतो. पहिल्या वाक्यास उत्तर देण्यासारखें कांहीं नाहीं. दुसऱ्याचें उत्तर शोधतां शोधतां पाठविणारा स्वतःच आपली चूक पाहतो. त्यांतून कधीं कधीं असेंहि निघतें कीं चूक परीक्षकाच्याच समजुतींत होती, आणि प्रश्नाच्या रूपानें विचारलें असल्यामुळें कोणासहि खालीं पाहावें लागत नाहीं. मात्र सौजन्य म्हणजे होकार नव्हे. अत्यंत गोड शब्दांत लिहिलेली वाईट दुरुस्तीहि वाईटच असते.

एका टिंबाची कथा

हें सर्व वाचून एखादा म्हणेल, चार ओळींसाठीं एवढा खटाटोप कशाला? त्यास २०२४ सालीं घडलेली गोष्ट सांगितली पाहिजे. ती पायटेस्टची नव्हे, ‘एक्सझेड’ नांवाच्या दुसऱ्या एका ओपन सोर्स साधनाची आहे. परंतु आमच्या विषयाशीं तिचा निकटचा संबंध आहे.

फायली दाबून लहान करण्याचें हें साधन लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत आहे. अनेक वर्षें त्याची राखण मुख्यत्वें एकच गृहस्थ, बिनपगारी, छंद म्हणून करीत असत. २०२१ पासून ‘जिया तान’ हें नांव धारण करणारी कोणी व्यक्ति उपयुक्त दिसणाऱ्या लहान लहान दुरुस्त्या पाठवूं लागली. दुसऱ्या कांहीं अपरिचित नांवांनीं राखणदारास टोंचणी सुरू झाली, कीं काम हळू चाललें आहे, कोणास तरी सोबतीस घ्या. थकलेल्या माणसानें मदतनिसावर विश्वास टाकला, आणि किल्ल्या त्याच्या हातीं गेल्या. फेब्रुवारी व मार्च २०२४ मध्यें निघालेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदार बसविलेलें होतें. दुरून संगणकांत प्रवेश करण्याची जी व्यवस्था असते, तिच्यांतून गुप्तपणें शिरतां यावें, अशी ती योजना होती.

हें चोरदार लपविलें कोठें होतें? टेस्टच्या फायलींत. दाबलेली फाईल बिघडलेली असली तर साधन काय करतें, हें पाहण्यासाठीं मुद्दाम बिघडविलेल्या फायली ठेवाव्या लागतात. त्या माणसास वाचतां येत नाहींत, आणि टेस्टच्याच म्हणून त्यांकडे कोणी संशयानें पाहत नाहीं. त्याच सुमारास त्याच नांवानें आलेला आणखी एक बदल केवळ एका टिंबाचा होता. साधन बांधण्याच्या वेळीं एक चिमुकला चाचणी-प्रोग्राम चालवून पाहिला जाई: तो नीट बांधला गेला तर ‘लँडलॉक’ नांवाचा संरक्षक पहारा चालू करावा, न बांधला गेला तर तो या संगणकावर उपलब्ध नाहीं असें समजून पुढें जावें. त्या चिमुकल्या प्रोग्रामांत एका ओळीच्या आरंभीं एक सुटें टिंब पडलें. त्यामुळें तो कोठेंहि बांधला जाईना, पहारा कोठेंहि चालू होईना, आणि याबद्दल तक्रारहि कोठें उमटेना. आम्हीं वर ज्या मौनाचें भय सांगितलें, तेंच हें मौन.

ही मसलत उघडकीस आणली ती आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरानें. दुरून प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीचा त्यानें पाठपुरावा केला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व जगास सावध केलें. त्या वेळीं या आवृत्त्या बहुतेक स्थिर लिनक्स संचांत पोंचल्या नव्हत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

या कथेचें तात्पर्य, अनोळखी माणसावर विश्वास ठेवूं नका, असें काढणें आम्हांस बरोबर वाटत नाहीं. तसें केलें तर ओपन सोर्सचा धंदाच बुडेल. पायटेस्टसारखीं साधनें अनोळखी माणसांच्याच श्रमांवर उभीं आहेत. तात्पर्य असें कीं, वाचणारा मनुष्य एकटा व थकलेला असतां कामा नये. लिहिणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून आपण आनंद मानतों. वाचणारे किती आहेत, हें कोणी मोजीत नाहीं. हल्लीं यंत्राकडून कोड लिहवून घेण्याची सोय झाल्यापासून तर ही विषमता फारच वाढली आहे. पाठविणाऱ्यानें स्वतः न वाचलेली दुरुस्तीहि आतां क्षणांत पाठवितां येते. ती वाचण्याचा भार मात्र दुसऱ्या टोंकाच्या माणसावर पडतो.

होतकरूंस दोन शब्द

ज्या घरांतील विद्यार्थी या क्षेत्रांत उतरूं पाहत असतील, त्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ऑक्टोबर २०२० मध्यें ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमांत, चार दुरुस्त्या पाठविणाऱ्यास एक टी-शर्ट बक्षीस होता. परिणाम असा झाला कीं एखादा अनावश्यक शब्द घातलेल्या निरर्थक दुरुस्त्यांचा राखणदारांवर पूर लोटला, आणि चालकांस महिना संपण्यापूर्वींच नियम बदलून, ज्या प्रकल्पांची तयारी असेल तेवढेच सामील करावे लागले. एका कपड्यासाठीं दुसऱ्याचा वेळ खर्ची घालणें हें आमच्या विद्यार्थ्यांस शोभणार नाहीं. आणि अर्जावर एक ओळ वाढावी म्हणून तसें करणेंहि नाहीं.

ज्यास खरोखर शिकावयाचें आहे त्यानें आरंभ वाचण्यापासून करावा. इतरांच्या लहान दुरुस्त्या व त्यांवर झालेले प्रश्नोत्तर उघड्यावर आहेत. महिनाभर रोज एक वाचावी. ‘ही मी मंजूर केली असती काय?’ असें आधीं स्वतःस विचारावें, आणि मग अनुभवी माणसानें काय विचारलें तें पाहावें. नंतर एखादी खरी अडचण आपणांस आली, तर तिची टेस्ट प्रथम लिहावी, ती पडते हें डोळ्यांनीं पाहावें, आणि मगच दुरुस्ती पाठवावी. उत्तरास उशीर झाला तर रागावूं नये. पलीकडे कोणी तरी दिवसाची नोकरी आटोपून, मुलांस निजवून, आपल्या चार ओळी वाचावयास बसलेला असतो.

आणि घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे, कीं रात्रीं उशिरापर्यंत पडद्याकडे पाहत स्वस्थ बसलेली सून किंवा मुलगा दिसला, आणि बोटें चालत नाहींत म्हणून काम चालत नाहीं असें वाटलें, तर एकदां जवळ बसून ‘काय वाचते आहेस?’ असें विचारावें. कोठल्या तरी अनोळखी माणसाच्या एका कंसापाशीं ती थांबलेली असण्याचा संभव आहे.